चोकोलातितोचे चार पराभव आणि एका राऊंडचं गणित

बॉक्सर रोमान गोन्झालेझचं, म्हणजेच ‘चोकोलातितो’चं रेकॉर्ड उघडून वरपासून खाली बघत गेलं की पहिल्या ४६ ओळी सगळ्या विजयाच्या, आणि मग ४७ व्या ओळीवर पहिल्यांदा हार दिसते, लगेच ४८ व्या ओळीवर दुसरी, पुढे काही वर्षांनी अजून दोन. बास, एवढेच चार पराभव. चारही सुपर फ्लायवेट या वजनगटातले. आणि खूप जण हे बघून लगेच सांगून मोकळे होतात की वय झालं होतं, वजन वाढवायला नको होतं, वरच्या गटात त्याचा निभाव लागला नाही वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं तर आधी प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये गुण कसे देतात ते समजून घ्यावं लागेल, कारण या चारपैकी तीन पराभव असे आहेत की एका जजच्या कागदावर एक राऊंड, फक्त एकच, इकडचा तिकडे गेला असता तर ती हार हार राहिलीच नसती. हे मी त्याचा फॅन आहे म्हणून म्हणत नाहीये (फॅन तर आहेच), साधी बेरीज वजाबाकी आहे, खाली करूनच दाखवतो.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोमान गोन्झालेझ, सगळे त्याला ‘चोकोलातितो’ म्हणतात, निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथला, जन्म १९८७ चा. त्याला घडवण्यात अलेक्सिस अर्ग्वेलोचा मोठा हात, आणि अर्ग्वेलो म्हणजे तीन वेगवेगळ्या वजनगटांत जगज्जेता झालेला निकाराग्वाचा सगळ्यात मोठा बॉक्सर. शिष्य गुरूच्याही एक पाऊल पुढे गेला, चार गटांत जगज्जेता झाला. २००८ मध्ये जपानमध्ये युताका नीदाला हरवून जगज्जेतेपदाचा पहिला बेल्ट घेतला, तो मिनिममवेटचा. मग लाइट फ्लायवेट, मग २०१४ मध्ये टोकियोत अकिरा याएगाशीला नवव्या राऊंडमध्ये थांबवून फ्लायवेट, आणि सप्टेंबर २०१६ ला कार्लोस कुआद्रासला हरवून सुपर फ्लायवेट. मधल्या काळात मेवेदर निवृत्त झाल्यावर ‘द रिंग’ मासिकाने वजन बाजूला ठेवून जगातला सगळ्यात भारी बॉक्सर कोण या यादीत याला एक नंबरला बसवलं होतं. उंची १६० सेंटीमीटरच्या आसपास, आणि जगात एक नंबर!

आता वजनगटाचं बघू. मिनिममवेटची मर्यादा १०५ पौंड म्हणजे साधारण ४७.६ किलो. सुपर फ्लायवेटची ११५ पौंड, म्हणजे ५२.२ किलोच्या जवळपास. फरक साडेचार किलोचा. ऐकायला काहीच वाटत नाही, पण ४७ किलोच्या माणसासाठी साडेचार किलो म्हणजे अंगाचा जवळपास दहावा हिस्सा, आणि त्यात वजन करतात सामन्याच्या आदल्या दिवशी, त्यामुळे जो मुळातच मोठ्या हाडापेराचा असतो तो अंगातलं पाणी कमी करून काट्यावर ११५ दाखवतो आणि रात्रभरात खाऊनपिऊन दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये कितीतरी जड होऊन उतरतो. जो खालून वर चढत आलाय त्याला हा फायदा मिळत नाही, उलट समोरच्याचा प्रत्येक ठोसा आधीपेक्षा जड लागतो आणि स्वतःचा ठोसा मात्र आधीइतका लागत नाही. म्हणजे वजनाचा मुद्दा खोटा आहे असं माझं म्हणणं नाहीये. तो आहेच. पण चारही पराभव त्या एकाच खुंटीला टांगता येत नाहीत.

गुणांची पद्धत सोपी आहे. रिंगच्या तीन बाजूंना तीन जज बसतात. वर्ल्ड टायटलचा सामना १२ राऊंडचा, एक राऊंड तीन मिनिटांचा. प्रत्येक राऊंड संपला की प्रत्येक जज आपापल्या कागदावर त्या राऊंडचे गुण लिहितो, ज्याने राऊंड जिंकला त्याला १०, हरला त्याला ९. कोणी खाली पडला म्हणजे नॉकडाऊन झाला तर त्याला सहसा ८. रेफरीने फाऊलसाठी गुण कापला तर तो वेगळा वजा. बाराही राऊंडची बेरीज करायची, झालं. सहा सहा राऊंड वाटले गेले तर ११४-११४. सात पाच असेल तर ११५-११३. आठ चार म्हणजे ११६-११२. नऊ तीन म्हणजे ११७-१११. एवढं डोक्यात ठेवलं तर कुठलंही स्कोअरकार्ड वाचता येतं.

आणि निकाल तिन्ही कागदांची एकत्र बेरीज करून लागत नाही हां, इथे बरेच जण चुकतात. प्रत्येक कागद म्हणजे एक मत. तिन्ही मतं एकाला मिळाली तर युनॅनिमस डिसिजन. दोन एकाला आणि तिसरं दुसऱ्याला तर स्प्लिट डिसिजन. दोन एकाला आणि तिसऱ्याने बरोबरी दिली तर मेजॉरिटी डिसिजन. दोन जजनी बरोबरी दिली तर तिसऱ्याने काहीही लिहिलेलं असो, सामना ड्रॉ. आणि ड्रॉ झाला की चॅम्पियनचा बेल्ट त्याच्याकडेच राहतो.

आता पहिला पराभव. १८ मार्च २०१७, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. त्या रात्रीचा मुख्य सामना गोलोव्किन आणि जेकब्सचा होता, त्याआधी हा. समोर थायलंडचा श्रीसाकेत सोर रुंगविसाई. या माणसाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्या रात्री बहुतेकांना तो कोण हेच नीट माहीत नव्हतं. प्रोफेशनल झाल्यावर त्याच्या पहिल्या पाच सामन्यांत एक विजय, तीन पराभव, एक ड्रॉ. पहिलाच सामना २००९ मध्ये तो हरला, आणि कोणाकडून, तर याएगाशीकडून, ज्याला नंतर गोन्झालेझने हरवलं. अशी सुरुवात झाल्यावर किती जण टिकतील? हा टिकला, जिंकत जिंकत पुढे एकदा जगज्जेता झाला, तो बेल्ट कुआद्रासकडे हरला, परत रांगेत उभा राहिला.

रुंगविसाई साऊथपॉ, म्हणजे उजवा पाय आणि उजवा हात पुढे ठेवून उभा राहणारा. गोन्झालेझ नेहमीच्या पद्धतीचा, डावा पाय पुढे. हे दोघं समोरासमोर आले की पुढचे पाय एकमेकांसमोर येतात आणि डोकीसुद्धा एकाच रेषेत येतात. त्यात गोन्झालेझचा खेळ असा की तो लांबून खेळतच नाही, समोरच्याच्या छातीला जवळजवळ चिकटून, अर्धं पाऊल तिरकं टाकून तीन चार पाच ठोसे सलग मारायचे आणि परत कोन बदलायचा. म्हणजे दोन्ही बाजूंनी डोकं आपटायची पूर्ण सोय. झालंही तसंच. पहिल्याच राऊंडमध्ये पोटाच्या बाजूला ठोसा बसून गोन्झालेझ खाली गेला. तिसऱ्यात डोक्याला डोकं आपटलं आणि त्याच्या उजव्या डोळ्याच्या वर फाटलं, तिथून पुढचा सगळा सामना तो रक्त पुसत खेळलाय. सहाव्या राऊंडमध्ये रेफरीने शेवटी रुंगविसाईचा एक गुण कापला, डोकं मारल्याबद्दल.

निकाल : एका जजचे ११३-११३, बाकी दोघांचे ११४-११२ रुंगविसाईच्या बाजूने. मेजॉरिटी डिसिजन. निकाल ऐकून गार्डनमधल्या लोकांनी जोरात हुर्यो उडवली होती.

आता हे आकडे उलगडून बघा. नॉकडाऊनमुळे गोन्झालेझचा एक गुण जास्तीचा गेला, डोक्यामुळे रुंगविसाईचा एक गेला. दोन्ही एकमेकांना कापतात. म्हणजे ११३-११३ याचा अर्थ त्या जजने सहा सहा राऊंड दिले, आणि ११४-११२ म्हणजे सात पाच. दोन जजनी सात पाच, एकाने सहा सहा. आता त्या दोघांपैकी कुठल्याही एका जजने, फक्त एकाने, त्या सातपैकी एक साधा राऊंड गोन्झालेझला दिला असता तर त्याचाही कागद ११३-११३ झाला असता, दोन बरोबरीचे कागद म्हणजे ड्रॉ, बेल्ट गोन्झालेझकडे आणि ४६ विजयांच्या पुढे हारीचा शून्य तसाच. छत्तीस मिनिटांतली तीन मिनिटं, तीही एका माणसाच्या नजरेतून. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा पेन खाली ठेवून नुसता बघत बसलो होतो.

मग लोक पंचचे आकडे पुढे करतात. कॉम्प्युबॉक्स नावाची एक यंत्रणा आहे, त्यात दोन माणसं रिंगजवळ बसतात, एकेक जण एकेका बॉक्सरवर लक्ष ठेवतो आणि ठोसा मारला, लागला, चुकला यासाठी बटणं दाबत जातो. त्यांच्या मोजणीनुसार गोन्झालेझचे १०१३ पैकी ४४१ ठोसे लागले आणि रुंगविसाईचे ९४० पैकी २८४. तब्बल १५७ चा फरक! मग हरला कसा? तर एक म्हणजे जजना हे आकडे दिसतच नाहीत. दुसरं, बटण दाबणारा ठोसा मोजतो, ठोशाची ताकद मोजत नाही, डोकं मागे फेकणारा हूक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) आणि गालाला नुसता घासून गेलेला हूक यात त्याच्या लेखी मोठा फरक नसतो. जजने बघायचं असतं ते स्वच्छ आणि परिणाम करणारे ठोसे, नुसतं पुढे धावत जाणं सोडून कामाला येणारं आक्रमण, बचाव, आणि रिंगमध्ये कोणाच्या मर्जीने खेळ चाललाय ते. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, हिशोब राऊंडचा असतो, सामन्याचा नसतो. टेनिसमध्ये पहिला सेट ६-० जिंकून पुढचे दोन ६-७, ६-७ हरलात तर तुमचे गेम १८ आणि समोरच्याचे १४, तरी मॅच त्याचीच. तसंच. काही राऊंड गोन्झालेझने प्रचंड फरकाने जिंकले असले तरी त्याचे दहाच गुण मिळतात, आणि घासून गेलेला राऊंड समोरच्याला गेला तर त्याचेही दहाच.

मला विचाराल तर ती फाईट गोन्झालेझने जिंकली होती. पण रुंगविसाईचे ठोसे जड होते, ते बसले की आवाज वेगळा यायचा, आणि समोर बसलेल्या माणसावर त्या आवाजाचा परिणाम होतोच. त्यामुळे त्या जजना चोर म्हणायची माझी तयारी नाहीये.

अजून एक गोष्ट आकड्यांत कुठेच सापडत नाही. गोन्झालेझचा ट्रेनर आर्नुल्फो ओबांदो नोव्हेंबर २०१६ मध्ये वारला, म्हणजे या सामन्याच्या चार महिने आधी. राऊंड संपल्यावर स्टुलावर बसलं की एका मिनिटात काय सांगायचं हे ज्याला माहीत होतं तो माणूसच कोपऱ्यात नव्हता. याने किती फरक पडला ते मोजता येत नाही, पण पडला नसेल असं मानायला मी तयार नाही.

दुसरा पराभव मात्र पूर्ण वेगळा, तिथे जजचा काही संबंधच नाही. ९ सप्टेंबर २०१७, कॅलिफोर्नियातलं कार्सन. त्या रात्रीच्या कार्यक्रमाचं नावच ‘सुपरफ्लाय’, सगळे याच गटातले मोठे सामने, एस्ट्राडा आणि कुआद्रास, नाओया इनोऊए, आणि शेवटी हा रीमॅच. अमेरिकेत इतक्या हलक्या वजनाच्या लोकांना अशी जागा क्वचित मिळते, आणि ती मिळण्यात गोन्झालेझच्या नावाचा मोठा वाटा होता, हे विसरता कामा नये. चौथ्या राऊंडमध्ये दोघं एकाच वेळी ठोसे टाकत असताना रुंगविसाईचा उजवा हूक आधी पोचला. गोन्झालेझ पडला, उठला, आणि उठल्यावर मागे सरकायच्या ऐवजी परत त्याच अंतरावर उभा राहून ठोसे द्यायला लागला. परत उजवा हात. या वेळी तो पाठीवर आडवा. रेफरीने काऊंट, म्हणजे दहापर्यंतची मोजणी, केलाच नाही, चौथ्या राऊंडच्या १ मिनिट १८ सेकंदाला सामना संपवला.

वजनाचा मुद्दा खरा लागू होतो तो इथे. जवळ उभं राहून देवाणघेवाण करायची तर तुमचा ठोसा समोरच्याला थांबवायला हवा, किंवा त्याचा ठोसा तुम्हाला सहन व्हायला हवा. त्या रात्री दोन्हीपैकी काहीच नव्हतं. ही हार खरी, पूर्ण, यात जर तर काही नाही.

त्यानंतर लोकांनी त्याला संपवूनच टाकलं होतं. एक वर्षाने परत आला, सप्टेंबर २०१८ मध्ये मोइसेस फुएंतेसला पाचव्या राऊंडला नॉकआऊट केलं, मग गुडघ्याचं ऑपरेशन, २०१९ जवळपास सगळं गेलं. आणि मग २९ फेब्रुवारी २०२० ला टेक्सासमध्ये खालिद याफाई, एकही सामना न हरलेला डब्ल्यूबीए चॅम्पियन (डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी या जगज्जेतेपदाचे बेल्ट देणाऱ्या वेगवेगळ्या संस्था). गोन्झालेझने त्याला नवव्या राऊंडला असा उजवा हात मारला की सामना तिथेच संपला. हा तोच सुपर फ्लायवेट गट बरं का, जिथे त्याचं चालत नाही म्हणत होते.

तिसरा पराभव, १३ मार्च २०२१, डॅलस. समोर मेक्सिकोचा हुआन फ्रान्सिस्को एस्ट्राडा. या दोघांची पहिली गाठ २०१२ मध्ये लाइट फ्लायवेटला पडली होती, तेव्हा तिन्ही जजनी गोन्झालेझला विजयी दिलं होतं. आता आठ वर्षांहून जास्त काळाने परत, एकाकडे डब्ल्यूबीसीचा बेल्ट, दुसऱ्याकडे डब्ल्यूबीएचा. कोणाला बॉक्सिंग बघायला सुरुवात करायची असेल तर मी हाच सामना बघ म्हणून सांगतो. दोघांनी मिळून २५२९ ठोसे टाकले, कॉम्प्युबॉक्सच्या नोंदीत या गटातला तेव्हाचा विक्रम. बारा राऊंड म्हणजे २१६० सेकंद, म्हणजे दर सेकंदाला एकाहून जास्त ठोसा, सलग छत्तीस मिनिटं! त्यातही दोघंही विचार करून खेळत होते, फसवे जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे), पोटाला मारून हात खाली आणायला लावायचा आणि मग वर मारायचं, एकाने कोन बदलला की दुसऱ्याने लगेच पाय फिरवायचा. लागलेले ठोसे गोन्झालेझचे ३९१, एस्ट्राडाचे ३१४.

निकाल : एक जज ११५-११३ गोन्झालेझ. दुसरा ११५-११३ एस्ट्राडा. तिसरा ११७-१११ एस्ट्राडा. स्प्लिट डिसिजन, एस्ट्राडा विजयी.

पहिले दोन कागद मी समजू शकतो. दोघांनी सात पाच दिले, एकाने इकडे, एकाने तिकडे, सामना तसाच होता. पण ११७-१११ म्हणजे नऊ तीन. त्या जजला बारापैकी फक्त तीन राऊंड गोन्झालेझचे वाटले. हा कागद मला आजही झेपत नाही. एक एक राऊंड सुटा घेतला तर प्रत्येकच घासून गेलेला, त्यामुळे सगळेच घासलेले राऊंड एकाच बाजूला टाकत गेलं की बेरीज एकदम एकतर्फी दिसते, असं झालं असावं, एवढंच स्पष्टीकरण मला सुचतं. पण समजा तो कागद तसाच ठेवला, तरी परत तेच गणित : एस्ट्राडाला ११५-११३ देणाऱ्या जजने एक राऊंड फिरवला असता तर ११४-११४. एक मत याला, एक मत त्याला, एक बरोबरी. ड्रॉ. दोघांचे बेल्ट दोघांकडे.

मार्च २०२२ मध्ये तिसरी लढत ठरली होती, पण एस्ट्राडाला कोविड झाला आणि ऐनवेळी ज्युलिओ सेसार मार्टिनेझ उभा राहिला. गोन्झालेझने त्याला बारा राऊंड धडा शिकवला, तिन्ही जजनी सरळ निकाल दिला. त्या वेळी तो ३४ वर्षांचा होता, आणि या वजनात ३४ म्हणजे खूपच झालं, कारण हलक्या गटांत सगळा खेळ वेगाचा आणि वेग सगळ्यात आधी जातो.

चौथा पराभव ३ डिसेंबर २०२२, ॲरिझोनातलं ग्लेनडेल. एस्ट्राडा परत समोर, डब्ल्यूबीसीचा रिकामा, म्हणजे त्या वेळी कोणाकडेच नसलेला बेल्ट पणाला. या वेळी गोन्झालेझ सुरुवातीला थंड वाटला, पहिले काही राऊंड एस्ट्राडाने अंतर राखून आरामात घेतले, आणि मग मधल्या टप्प्यापासून जुना चोकोलातितो जागा झाला, रेटत रेटत तो सामना परत आपल्याकडे ओढून आणला. राऊंडच्या हिशोबात याची किंमत मोजावी लागतेच, पहिले राऊंड गेले ते गेले, नंतर कितीही भारी खेळलात तरी ते परत मिळत नाहीत. कागद : ११४-११४, ११५-११३, ११६-११२. म्हणजे सहा सहा, सात पाच, आठ चार. मेजॉरिटी डिसिजन, एस्ट्राडा. इथेही मधल्या कागदावरचा एक राऊंड फिरवा, ११५-११३ चे ११४-११४ होतात, दोन बरोबरीचे कागद, ड्रॉ, आणि बेल्ट रिकामाच राहतो. हा निकाल मला स्वतःला बरोबर वाटतो, मी एस्ट्राडालाच एका राऊंडने पुढे धरलं होतं. पण त्या दोघांच्या तीन सामन्यांचे ३६ राऊंड एका रांगेत ठेवले तर कोण वरचढ हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

या चारही हारी दोनच माणसांकडून आल्यात हे पण बघा. आणि ती दोघं एकमेकांशीही दोनदा लढली, २०१८ मध्ये रुंगविसाई जिंकला, २०१९ मध्ये एस्ट्राडाने परतफेड केली. कुआद्राससकट हे चौघं जवळपास दहा वर्षं एकमेकांच्याच वाट्याला येत राहिले. बाकी गटांत मोठी नावं एकमेकांना टाळत वर्षानुवर्षं काढतात, शून्य जपत बसतात. गोन्झालेझने शून्य जपायचं ठरवलं असतं तर फ्लायवेटला बसून राहता आलं असतं, तिथे त्याला हात लावणारं कोणी दिसत नव्हतं. रुंगविसाईकडून ती वादग्रस्त हार झाल्यावरही तो दुसरीकडे वळला नाही, सहाच महिन्यांत त्याच माणसासमोर परत उभा राहिला.

१२ जुलै २०२४ ला तो मानाग्वात, स्वतःच्या गावातल्या लोकांसमोर, ३७ व्या वर्षी कोलंबियाच्या रोबेर बारेराशी लढला. दहाव्या राऊंडमध्ये रेफरीने सामना थांबवला, ५२ वा विजय, आणि त्या रात्री तीन जजचे कागद गोळा करून बेरीज करायची वेळच आली नाही.